अकरा सुया

सुया मोजल्या, तर अकराच भरल्या.

तिने पुन्हा मोजल्या. या वेळी नुसत्या नजरेने नाही; एकेका सुईच्या माथ्याला बोट लावत, ओठ हलवत. अकरा. मग सगळ्या उपसून टेबलावर पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या आणि आईची सुया टोचायची रिकामी उशी चारही बाजूंनी दाबून पाहिली, कारण एखादी सुई कधीकधी नेढ्यापर्यंत आत बुडून बसते. उशीत भुसा होता, वरून वडिलांच्या जुन्या कोटाचं कापड होतं. बारावी सुई नव्हती.

खरं म्हणजे ती मोजायला बसलीच नव्हती. एका झबल्याचं टिचबटण सैल वाटलं म्हणून तिने ते पक्कं केलं, सुई परत उशीत टोचली आणि बोट आपोआप मोजत सुटलं. ही सवय आईची. आई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खोलीत शिवणकाम करायची, सगळी गल्ली तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची, आणि बाईंच्या खोलीत संध्याकाळी मशीनवर झाकण पडलं की शेवटचं काम म्हणजे सुया मोजणं. आई केर काढता काढता विचारायची, “आल्या का गं सगळ्या घरी?” फ्रॉकमधली ती उशीवर बोट फिरवून म्हणायची, “आल्या.” एखादे दिवशी अकराच आल्या, तर बारावी सापडेपर्यंत त्या घरात कुणी पाटावर बसायचं नाही. एकदा ती आईच्याच बाहीत अडकलेली निघाली, तेव्हा आई हसली नव्हती. “माझ्या दंडाला टोचली तर मी ओरडेन,” ती म्हणाली होती. “ज्याला बोलता येत नाही, त्याला टोचली तर?”

आईला जाऊन सात आठवडे झाले होते. दवाखान्याने दिलेल्या तारखेला अकरा दिवस उरले होते. दाराशी बॅग भरून ठेवली होती आणि बॅगेत सगळ्यात वर, घडी करून, आईच्या हातचं दुपटं होतं.

ती खुर्चीचा आधार घेत उठली, बॅगेतून दुपटं काढलं आणि पलंगावर पसरलं.

चौकोनी, हातभर लांब, हातभर रुंद. वरचं कापड नवं, फिकट पिवळं. खालचं एका जुन्या चादरीचं, धुऊन धुऊन साय झालेलं. मधे आईचा मऊ पडलेला गाऊन. तिन्ही थरांतून एका काठापासून समोरच्या काठापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. तिने तळहात ठेवला आणि दाबला. काही लागलं नाही. दुमडून दाबलं. पिळून पाहावंसं वाटलं आणि हात मागे आला. सुई मोडली तर एकाचे दोन तुकडे होतील. चार दिवसांपूर्वी तिने हेच दुपटं कोमट पाण्यात धुतलं होतं, चांगलं पिळलं होतं, गॅलरीत वाळत घातलं होतं.

ती सुई दुसरीकडे कुठेही असू शकते, हे तिला कळत होतं. आईच्या खोलीतल्या फरशीच्या फटीत, मशीनच्या पायाखाली, ज्या गाडीतून आईला नेलं त्या गाडीतसुद्धा. पण शेवटच्या दिवशी आईच्या हातात दुसरं काहीच काम नव्हतं. मांडीवर दुपटं होतं. आणि त्या दिवशी सकाळी सुया बाराच होत्या, हे तिच्याइतकं खात्रीने कुणीच सांगू शकलं नसतं.

कारण त्या तिनेच ओवल्या होत्या.

ही गोष्ट त्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आठ महिन्यांपूर्वी, म्हणजे पोटातल्या पाहुण्याची बातमी आली त्याच सुमारास, आईला सुईचं नेढं दिसेनासं झालं. टाका घालायला डोळे लागत नाहीत, तो बोटांना पाठ असतो. पण दोरा ओवायला लागतात. मग ती रोज सकाळी प्रयोगशाळेत जाण्याआधी आईच्या खोलीवर वाकडी वाट करून जायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या पेशी मोजणाऱ्या बाईला बारा सुया ओवणं म्हणजे काय. प्रत्येकीत हातभर दोरा, टोकाला गाठ, आणि ओळीने उशीत. आई चहा पुढे करायची.

“डोळे करून घे ना आता.”

“आधी पाहुणा येऊ दे. मग डोळे. त्याला बघायला लागतीलच की.”

“तोवर काम तरी थांबव.”

“थांबवलं तर लोक विचारतील का थांबवलं. शिवणारीला दिसत नाही म्हटल्यावर कापड कोण देईल मला? आणि तुझ्या सासूच्या कानावर गेलं तर झालंच. म्हणेल, विहीणबाई, आता तुम्ही टाळ्या वाजवा, मी विणते.” मग हसून, “बयो, तू फक्त ओव. बाकीचं माझी बोटं बघतात.”

आणि ती ओवत राहिली होती. सहा महिने. आईने त्या सहा महिन्यांत स्वतःच्या नातवंडासाठीच शिवलं होतं असं थोडंच. गल्लीतल्या तीन-चार घरांत त्या वर्षी पाळणा हलला होता आणि प्रत्येक घरात बाईंच्या हातची झबली-टोपडी गेली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि ती घरं एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून गेली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची मुलगी. शाळेतल्या बाईंचे जुळे. रोज सकाळी सुया बारा असायच्या, म्हणजे रोज संध्याकाळी त्या घरी आल्या होत्या, म्हणजे त्या कपड्यांत काही नाही. हे गणित तिने तीनदा मांडलं. तिन्ही वेळा बरोबर आलं. भीती गणित ऐकत नव्हती. तिला एकच दिसत होतं: डोळ्यांवर साय आलेली एक बाई, एका लहान जिवाच्या अंथरुणात सुई सोडून देते, आणि तिच्या हातात ती सुई रोज ओवून ठेवणारी लेक.

तेवढ्यात आतून एक लाथ बसली. तिने पोटावर हात ठेवला. “काही नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

*

नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. संध्याकाळी तो आला तेव्हा पलंगावर दुपटं पसरलेलं होतं, त्याच्या भोवती बाळाचे सगळे कपडे मांडलेले होते आणि ती जमिनीवर सुयांची उशी घेऊन पाय लांब करून बसली होती.

“दुकान टाकलंस?” तो म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि पायातले बूट न काढताच खाली बसला.

तिने सुईचं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं नाही.

“नवीन घेऊ,” तो म्हणाला.

“काय?”

“दुपटं. बाजारात मिळतात की. हे ठेवून दे आठवण म्हणून कपाटात.”

“सुईसकट?”

तो उठला, हत्यारांच्या पिशवीतून दोरीला बांधलेलं एक जाडजूड लोहचुंबक काढलं. लिफ्टच्या खोल खड्ड्यात पडलेले स्क्रू उचलायला तो ते वापरायचा. त्याने ते फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं, आणि आधी सगळ्यात जवळचं झबलं उचलून त्यावरून फिरवलं.

टक्.

दोघंही दचकली. झबल्याचं टिचबटण चुंबकाला चिकटलं होतं.

“चोर सापडला,” तो म्हणाला. तिला हसू आलं नाही, आणि त्यालाही आलं नव्हतं. त्याने ते नुसतं म्हणून टाकलं होतं. एकेक कपडा तो चुंबकाखालून काढत गेला. सात झबली, पाच टोपडी, दोन लंगोटांच्या चळती, सासूबाईंनी विणलेले मोजे, सासूबाईंनी विणलेली टोपी. टिचबटणांखेरीज काही नाही. मग दुपटं. त्याने एका कोपऱ्यातून सुरुवात केली, कापडाला जेमतेम टेकवत, ओळीमागून ओळ, जसा एखादा माणूस शेतात हरवलेली वस्तू शोधत जातो तसा. अर्ध्याच्या पुढे गेला. ती श्वास सोडणार, इतक्यात दुपट्याचं कापड आपणहून वर आलं.

बोटाच्या पेराएवढंच. जसं आत काहीतरी उठून बसलं.

त्याने हात थांबवला. चुंबक जरा बाजूला नेलं, तसं कापडाखालचं ते काहीतरीही सरकलं, आणि मग अडलं. काठापासून वीतभर आत. दोन ओळींच्या मधे.

“आहे,” तो हळूच म्हणाला. “आडवी आहे. ओढू का बाहेर? टोक वर आलं की पकडीने—”

“नको.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“मोडली तर? टोक आत राहिलं तर? ते चुंबकालाही लागायचं नाही इतकं बारीक असतं. राहू दे. मी उद्या उजेडात उसवते.”

त्याने चुंबक खाली ठेवलं. “आईला विचारू का? तिला या सुयाबियांतलं कळतं.”

“तुझ्या आईला काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. इतकी पटकन की तो तिच्याकडे बघतच राहिला. “ऐकलंस? काही नाही.”

सुई सापडली होती; खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण जिथे ती सापडली ती जागा रात्री अंधारातसुद्धा तिच्या डोळ्यांसमोरून हलली नाही. आईच्या दोन ओळींच्या मधे. म्हणजे ओळ घालताना आईच्या हातून सुटली, आत गेली, आणि आईला ती गेलेली दिसली नाही. आता काय उसवायचं हे उघड होतं. आईच्या हातचे शेवटचे टाके. आणि ते उसवताना दर टाक्याला कळणार होतं की हे थांबवता आलं असतं.

*

सकाळी नऊला ऊन पलंगावर आलं. नवरा कामावर गेला होता. तिने दुपटं गुडघ्यांवर घेतलं, पोटाच्या उतारावर टेकवलं, छोटी कात्री उजव्या हातात धरली आणि सुईच्या जागेजवळची ओळ शोधली.

आईचे टाके बघण्यासारखे होते. तांदळाच्या दाण्याएवढे, एकासारखा एक, मधलं अंतरही तेवढंच. जिला दिसत नाही त्या बाईच्या हातचे हे टाके आहेत असं कुणी म्हटलं असतं तर माणसांनी वेड्यात काढलं असतं. शेवटच्या काठाजवळ मात्र वीतभर जागेत ओळ बिघडली होती, टाके मोठे झाले होते, एक तर चक्क तिरपा गेला होता. ते टाके तिचे होते.

आई गेली त्या दिवशी तेवढा काठ शिवायचा राहिला होता. बाराव्या दिवशी, घरातली माणसं पांगल्यावर, तिने दुपटं कपाटातून काढलं होतं. आईचा दोरा शेवटच्या टाक्यापाशी दोन थरांच्या मधे आत गेलेला होता. दोरा संपला की आई तो कधी वरच्या वर कापायची नाही, शेपूट आत लपवून टाकायची, म्हणजे पाठीला गाठ टोचत नाही. म्हणजे आईने तो दोरा संपवला होता आणि पुढची सुई घेणार होती. उशीतल्या चार सुयांत त्या सकाळी तिने ओवलेला दोरा तसाच होता. त्यातली एक घेऊन तिने उरलेला काठ बंद केला होता. रडत, हे आठवतं. मोजल्याचं आठवत नाही.

तिने कात्रीचं टोक आईच्या पहिल्या टाक्याखाली घातलं.

जिन्यावर पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात कुणी चढत नाही, सासूबाई तर पहिल्या मजल्यावर बसून शेजारणीचं पाणी पिऊन मग वर यायच्या. ही पावलं थांबली नाहीत. दार लोटलेलंच होतं. सासूबाई आत आल्या, केस विंचरलेले नाहीत, विणकामाची पिशवी खांद्यावर उलटी, आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी नुसता हात वर केला.

“आई, काय झालं? बसा ना.”

“उसवलंस?” सासूबाई म्हणाल्या.

“नाही अजून. तुम्हाला कुणी—”

“त्याने सकाळी फोन केला. दुपट्यात सुई आहे म्हणाला.” त्या येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. “कात्री खाली ठेव.”

“आई, मी काढते आहे नीट. तुम्ही काळजी—”

“कात्री खाली ठेव म्हणते ना.”

तिने ठेवली. सासूबाई एरवी असं बोलायच्या नाहीत. त्या टोमणा मारायच्या, तोही हसत. आईला त्या म्हणायच्या, विहीणबाई, तुमचं काम म्हणजे सरळ रेघ, कुणीही मारेल. आमचं म्हणजे गणित, एक घर चुकलं की बाही दीड हात. आणि आई म्हणायची, हो ना, म्हणून तर तुमच्या मुलाच्या एका स्वेटरला तीन बाह्या होत्या. दोघी दर भेटीत हे असं बोलायच्या आणि दर भेटीत हसायच्या. आज त्या चेहऱ्यावर रंगच नव्हता.

“ती सुई मी ठेवली,” सासूबाई म्हणाल्या.

तिला नीट ऐकू आलं होतं. अर्थ लागत नव्हता.

“त्या दिवशी चारला मी गेले. दुपट्याच्या कडेला विणायच्या पट्टीला कुठली लोकर घेऊ, पिवळ्याला पिवळी जुळते का ते बघायला. विहीणबाई खुर्चीत होत्या. मला वाटलं डोळा लागला. हाक मारली. मग…” त्या थांबल्या. “तुम्हा सगळ्यांना फोन केले. डॉक्टर यायचे होते. मी काय करणार होते? एकटीच होते त्यांच्याबरोबर. मांडीवर दुपटं होतं, सुई दोऱ्याला लोंबत होती. म्हटलं, माणसं येतील, उचलाउचल होईल, कुणाला टोचेल, विहीणबाईंचं काम उसवेल. मी सुई काठातून आत खोचली. खोलवर. घडी घातली आणि कपाटात ठेवलं.”

“आत खोचली,” ती म्हणाली.

“अगं, आमच्या विणकामात अर्धं काम ठेवताना सुई कधी काढत नाहीत. काढली की घरं सुटतात, सगळं विणलेलं धावत जातं. सुई कामातच खुपसून ठेवायची, वर टोपण. पन्नास वर्षं तेच करतेय. हाताने केलं, मी केलं पण नाही.” सासूबाईंनी पदर तोंडावर धरला, लगेच सोडला. “आणि मला वाटलं, तू उघडशील तेव्हा दिसेलच. दोरा लागलेलाच आहे. दोरा धरून सुई काढायची, पुढे शिवायचं. तू शिवलंस म्हणून कळलं, मी म्हटलं बरं झालं.”

तिच्या डोळ्यांसमोर तो दोरा होता. आत गेलेला. आईने लपवलेलं शेपूट समजून जो तिने तसाच राहू दिला, आणि ज्याच्यावर स्वतःच्या हाताने, रडत, वीतभर टाके घातले.

आईच्या हातून सुई सुटली नव्हती. आई गेली तेव्हा सुई दोऱ्यात होती, दोरा टाक्यात होता आणि टाका जिथे हवा तिथे होता. दार लावून घेतलं होतं ते तिने.

“मी बंद केली ती आत,” ती म्हणाली.

“मी ठेवली म्हणून तू बंद केलीस.”

“मला वाटलं आईच्या डोळ्यांमुळे—” आणि ती थबकली.

सासूबाईंनी मान हलवली. “मला ठाऊक होतं. मला लोकरीचा रंग विचारायच्या. म्हणायच्या, तुमच्या तोंडून ऐकलं की खात्री वाटते. इतकी कौतुकं त्या माझी करणाऱ्या होत्या का? मी सांगायचे, ही पिवळी, ही पांढरी. मीही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.” मग हलक्या आवाजात, “रोज सकाळी तू जायचीस ते ओवायलाच ना?”

“हो.”

“चांगलं केलंस.”

ऊन पलंगावरून सरकून दुपट्यावर आलं होतं. तिने ते शब्द नंतरसाठी बाजूला ठेवले आणि कात्री उचलली.

“माझेच टाके उसवायचे,” ती म्हणाली. “आईचा एकही नाही.”

“एकही नाही. बघू, तुझे कुठून सुरू होतात?” सासूबाईंनी चष्मा लावला. “हे होय? तरीच. मला वाटलं कोंबडी चालून गेली की काय.”

दोघींनी हसल्यासारखं केलं. मग खोलीत फक्त कात्रीचा आवाज राहिला. टाका कापायचा, चिमटीत धरायचा, ओढायचा, कागदावर ठेवायचा. वीतभर जागेला पाऊण तास लागला, कारण ती दर टाक्याला थांबत होती. काठ उघडला. दोन थर एकमेकांपासून सुटले आणि आईचा दोरा दिसला. शेवटच्या टाक्यातून निघून आत, अंधारात गेलेला.

“आता ओढू?”

“थांब. धुतलंयस ना तू? पिळलंस?” सासूबाईंनी दोऱ्याला बोट लावलं, ओढलं नाही. “दोरा तुटला असेल तर मोकळी सुई आहे. नसेल तर बांधलेली आहे. ओढल्याशिवाय कळायचं नाही.”

“आणि ओढताना तुटला तर?”

“तर मग तुझ्या आईच्या ओळी उसवायच्या,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून विणकामाच्या दोन जाड सुया काढल्या, उलट्या धरल्या आणि त्यांच्या बोथट टोकांनी दोन थर एकमेकांपासून उचलून धरले. जसं एखाद्याचं अंथरूण कुणी हलक्या हाताने वर करावं तसं. दोन ओळींच्या मधे एक बोगदा झाला. तिने दोरा चिमटीत धरला. हात ओले होते. अंगावरच्या गाऊनला पुसले, पुन्हा धरला. सावकाश मागे घेतला.

दोरा आला. एक बोट. दोन बोटं. मग ताणला गेला.

तिने श्वास धरून ठेवला. आतलं मूलही निश्चल होतं, सकाळपासून होतं, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं आणि ती भीती या भीतीवर येऊन बसली. दोरा ताणलेला होता, म्हणजे दुसऱ्या टोकाला काहीतरी होतं. किंवा दोरा नुसताच गाऊनच्या धाग्यात अडकला होता. दोन्ही सारखंच लागतं हाताला.

“ओढू नकोस,” सासूबाई पुटपुटल्या. “धरून ठेव. मी जागा करते.” त्यांच्या सुया कापडाखाली अर्धं बोट आत गेल्या, किंचित उचलल्या. “आता. घाई नको.”

काहीतरी सुटलं. दोरा हलला, आला, आणि मागोमाग बोगद्यातून आधी नेढं आणि मग सगळी सुई, उलटी, टोक सगळ्यात शेवटी, अशी बाहेर आली आणि आईच्या दोऱ्याला लोंबत राहिली.

तिने सुई तळहातावर घेतली. अख्खी होती. धुण्याच्या पाण्याने गंजली होती. आत, गाऊनच्या कापडावर, तिच्या लांबीची एक तपकिरी रेघ उमटली होती. तिने टोक नखावर टेकवून पाहिलं. टोक होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिने टेबलाशी पडलेलं चुंबक दोरीने ओढून घेतलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी सगळं दुपटं चुंबकाखालून काढलं. मग उलटं करून पुन्हा काढलं.

“एक लाथ मार रे बाबा आता,” ती पोटाकडे बघत म्हणाली.

“झोपलं असेल. तुझ्या पोटात आज हलायची कुणाची हिंमत आहे? काहीतरी गोड खा आणि डाव्या कुशीवर पड.”

ती पडली नाही, पण चमचाभर मध चाटून बसली. सासूबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या. दहा मिनिटं गेली असतील, किंवा चार. मग हात किंचित उचलला गेला.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. “जागं आहे. रागावलंय.”

गंजलेल्या सुईने शिवता येणार नव्हतं. तिने दोरा नेढ्यातून काढला आणि उशीतली चांगली सुई घेतली. आईचा दोरा अजून आईच्या शेवटच्या टाक्यात होता. त्याचं मोकळं टोक ती नेढ्यात घालू लागली. पहिल्यांदा चुकलं. आयुष्यात हजारो सुया ओवल्या असतील. दुसऱ्यांदा चुकलं.

“दे, मी ओवते,” सासूबाई म्हणाल्या.

“नको. मीच ओवते.”

तिसऱ्यांदा गेला. वीतभर काठाला तो दोरा पुरेल का ते सांगता येत नव्हतं. तिने टाके जरा लांब घेतले, आईच्यापेक्षा लांब, स्वतःच्या आधीच्या टाक्यांपेक्षा बरे, आणि शेवटी दोरा चार बोटं उरला. तो तिने दोन थरांच्या मधे घातला. मग तिचा हात थांबला. शेपूट तिने पुन्हा बाहेर काढलं, काठाच्या वरच एक गाठ मारली, डोळ्यांना दिसेल अशी, आणि कापलं.

“टोचेल ना बाळाला,” सासूबाई म्हणाल्या.

“काठावर आहे. नाही टोचणार. आणि दिसली पाहिजे.”

सासूबाईंनी पिशवी भरली. विणकामाच्या दोन सुया आधी हातात धरल्या, मग टोपणं लावली, मग आत ठेवल्या, आणि पिशवीचा बंद ओढला. दारापर्यंत गेल्या. पिवळी लोकर कधी आणायची ते बोलल्या. त्यांची पावलं जिना उतरू लागली, पहिल्या वळणावर थांबली, आणि पुन्हा वर आली. दारातून त्यांचं डोकं आत आलं.

“किती म्हणालीस? एकूण?”

“बारा.”

“ती गंजकी धरून?”

“धरून.”

सासूबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. “मग मोज,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने.”

तिने उशी जवळ ओढली आणि पहिल्या सुईवर बोट ठेवलं.